दाविदाची गाडी

सकाळी दहाच्या सुमारास सर आले. ओली छत्री दाराशी उघडी ठेवली, पिशवीतून भिंग काढलं आणि टेबलावरचा प्रिंटांचा गठ्ठा पुढे ओढला. आदल्या दिवशी दुरुस्त्या सांगितलेली पानं आधी बघायची त्यांची सवय. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर एका लग्नपत्रिकेतला गणपती डावीकडे सरकवत होते.

पाचेक मिनिटांनी सरांनी विचारलं, "ताई, शलमोन गाडीवर कधी बसला?"

"कोण?"

"शलमोन राजा. इथं आलंय, 'दाविदाच्या पश्चात शलमोन त्याच्या गाडीवर बसला.'"

मी हसले. सरही हसले. आणखी काही पानं उलटली, तर शलमोनाचा मुलगा रहबामही दाविदाच्या गाडीवर बसलेला आणि त्याच्या हातून दहा वंश निसटलेले. "गाडी चालवता आली नाही त्याला," सर म्हणाले. मग त्यांनी अब्राहामाचं पान काढलं. तिथे 'इसहाकाचे बलिडान' होतं. आता ते हसले नाहीत. मीही नाही, कारण काय झालंय ते मला कळलं होतं.

मी पुण्यात एकोणीस वर्षं डीटीपी करते. अभंगांपासून हिशेबाच्या वह्यांपर्यंत सगळं लावून झालंय. सरांचा हा कोश तसा छोटा, डेमी आकारात तीनशे वीस पानं: पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली माणसं, गावं, वस्तू आणि त्यांच्या नावांचे अर्थ. सर नगरकडचे, निवृत्त शिक्षक. वहीत बारीक अक्षरात बारा वर्षं लिहिलेलं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या दृष्टीने ती नुसती अवघड शुद्धलेखनाची नावं होती.

तर आदल्या रात्री अकराला प्रकाशन समितीतल्या एका गृहस्थांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. इस्राएलच्या बारा वंशांत एक गाद आणि एक दान. गृहस्थांचं म्हणणं, गाद म्हणजे तळाला बसलेला गाळ आणि दान म्हणजे देणगी. वाचताना विचित्र वाटतं, तरी गादचं 'गाड' आणि दानचं 'डान' करावं. मला ते पटलं. सरांना एवढ्या रात्री कुठे उठवायचं म्हणून विचारलं नाही. फाइंड-रिप्लेस दोनदा, रिप्लेस ऑल, सेव्ह, दिवा बंद.

'पूर्ण शब्द'वर खूण करायची राहिली असं नाही. मुद्दामच केली नव्हती. मराठीत नाव एकटं कुठे असतं? दानच्या, दानला, गादने. पूर्ण शब्द शोधला असता तर निम्मी नावं सुटली असती.

म्हणून मग सगळंच सापडलं. मैडान, निडान, वरडान. दानीएलाचा डानीएल झाला. आणि ज्याला ज्याला 'दा' वर 'ने' लागला तो प्रत्येक जण त्या जाळ्यात आला: आनंडाने, शब्डाने, हेरोडाने, यहूडाने. दावीद तर पानोपानी. 'दाविडाने दगडाने गल्याथास मारले.' या एका ओळीत पहिला 'डाने' चुकीचा, दुसरा बरोबर.

"उलटं फिरवा की," सर म्हणाले.

हीच तर गोम होती. 'डान'चं परत 'दान' केलं असतं तर दाविदाने दगदाने मारलं असतं. तोंडाने, लाकडाने, झाडाने, सगळे गेले असते. 'गाड'चं 'गाद' केलं असतं तर इस्राएलाच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पेटी, दोन दुभत्या गायींच्या गादीवरून परत पाठवला असता, आणि योसेफाने म्हाताऱ्या बापाला आणायला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, गाद्या धाडल्या असत्या. जुनी फाइल पेनड्राइव्हवर होती, पण सोमवारची. त्यानंतरच्या दोन दिवसांच्या सरांच्या दुरुस्त्या तीत नव्हत्या, आणि त्या दुरुस्त्या लिहिलेली प्रुफं मी रद्दीत टाकली होती. प्लेट काढायला फाइल चार वाजता जायची होती.

सरांनी घड्याळ पाहिलं आणि खुर्ची माझ्या शेजारी ओढली. "तुम्ही शोधत जा. मी बघतो. जिथं मी 'हो' म्हणेन तिथं बदला."

सहाशेच्या वर ठिकाणं निघाली.

पहिली वीस-पंचवीस नुसती 'हो, हो, नाही, हो' अशी गेली. मग दानची स्वतःची नोंद आली आणि सर थांबले. मला घाई होती, त्यांना नव्हती.

"न्याय," ते म्हणाले. "दान म्हणजे न्याय केला. बारा वंशांचा बाप याकोब, त्याची बायको राहेल. तिला मूल नव्हतं. तिच्या दासीला, बिल्हाला, मुलगा झाला तेव्हा ती म्हणाली, देवाने माझा न्याय केला. उत्पत्ती तीस, सहा. आणि तुमच्या मशीनने दानीएल पकडला ना, तो चुकून पकडला नाही. दानीएलात दान आहेच. 'देव माझा न्यायाधीश'. यंत्राला कळलं ते आमच्या समितीला कळलं नाही."

मग त्यांनी समितीतल्या त्या गृहस्थांना फोन लावला. मला इकडची बाजूच ऐकू आली. "गाद म्हणजे सुदैव. गाळ नव्हे. उत्पत्ती तीस, अकरा. बघा उघडून." फोन ठेवल्यावर ते पुटपुटले, "इब्री नावाचा अर्थ मराठीत शोधतात." इब्री म्हणजे हिब्रू.

खरं सांगायचं तर मीही तेच केलं होतं.

दानच्या नोंदीत एक गावही होतं. देशाच्या उत्तर टोकाचं दान आणि दक्षिणेचं बैर-शेबा. 'दानपासून बैर-शेब्यापर्यंत' म्हणजे अख्खा देश, आपण काश्मीर ते कन्याकुमारी म्हणतो तसं. त्या गावाच्या उत्खननात १९९३ साली एका दगडी लेखाचा तुकडा सापडला. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला, अरामी भाषेत. त्यात 'दाविदाचं घराणं' अशी अक्षरं आहेत. शास्त्राबाहेर दाविदाच्या घराण्याचं नाव इतक्या जुन्या लेखात मिळालं म्हणून तेव्हा मोठी चर्चा झाली होती. सरांनी हे सगळं स्क्रीनकडे बघत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "दानमध्ये दावीद सापडला, आणि तुम्ही दोघांनाही 'ड' लावलात."

मी पुढची नोंद काढली.

बारा वंशांचा तक्ता यायच्या वेळी बाइंडिंगच्या मावशी चहा घेऊन आल्या. फॉर्म मोडायचं काम त्या आमच्या मागच्या खोलीत करतात. कप ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या, कारण सर वाचत होते ते कुणीही उभं राहून ऐकावं असंच होतं. याकोबाच्या दोन बायका, सख्ख्या बहिणी. थोरली लेआ नावडती. तिला पहिला मुलगा झाला, नाव रऊबेन: 'बघा, मुलगा!' दुसरा शिमोन: 'ऐकलं', म्हणजे मी नावडती आहे हे देवाने ऐकलं. तिसरा लेवी: 'जोडला', आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल. इकडे धाकटीच्या, राहेलीच्या, दासीच्या दुसऱ्या मुलाचं नाव नफताली: 'झुंज', बहिणीशी झुंजले आणि जिंकले. धाकटी शेवटी बाळंतपणात गेली. जाताना तिने मुलाचं नाव ठेवलं बेनओनी, 'माझ्या दुःखाचा मुलगा'. बापाने ते बदलून बन्यामीन केलं, 'उजव्या हाताचा मुलगा'.

"सवतींचं भांडण पोरांच्या नावात घातलं होय," मावशी म्हणाल्या.

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. "बारा वर्षं लिहितोय मी हे, एवढ्या थोडक्यात कधी जमलं नाही."

मावशी मग गेल्याच नाहीत. फॉर्मचा गठ्ठा उचलून आणला, दारात बसून हाडाच्या पट्टीने घड्या घालू लागल्या.

जटामांसीच्या नोंदीत 'डान' निघालं ते रास्तच होतं. बेथानीत मरीयेने येशूच्या पायांना सुगंधी तेल लावलं, तेव्हा यहूदा इस्कार्योत म्हणाला, हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना दान का नाही केलं? दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तीनशे म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई एका कुपीत. एवढं महाग का, तर ते नार्द, आणि नार्द म्हणजे आपली जटामांसी. हिमालयात उगवणाऱ्या वनस्पतीची मुळं. शब्दाचा मागही संस्कृत 'नलद'पर्यंत लावतात. माझी आजी केसांच्या तेलात घालायला काष्ठौषधींच्या दुकानातून पुडी बांधून आणायची. काळपट, केसाळ मुळ्या, ओल्या मातीसारखा वास. हीच मुळी उंटांवरून आणि गलबतांतून यरुशलेमेजवळच्या त्या घरात पोचली होती, हे मला त्या दिवशी कळलं. 'दान'ला 'द' परत दिला आणि क्षणभर पुढचं बटण दाबायचं विसरले.

एस्तेरच्या नोंदीत 'मैडान' होतं. इराणच्या अहश्वेरोश राजाची मेजवानी, राजवाड्याच्या बागेतल्या मैदानात. त्याचं राज्य १२७ प्रांतांचं, 'होदू'पासून कूशपर्यंत. होदू म्हणजे आपणच, हिंदुस्थान. आणि त्या मैदानात पांढरे पडदे लावले होते त्यांना मूळ इब्रीत शब्द आहे 'कर्पास'. सरांनी तो दोनदा म्हटला. "कर्पास. कार्पास. कापूस. सगळ्या शास्त्रात हा शब्द इथं एकदाच येतो." त्यांनी स्वतःच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून दाखवली.

दीड वाजून गेला होता. डबे उघडायचे राहून गेले.

होशेय संदेष्ट्याच्या मुलांची नोंद आली तेव्हा मी थकले होते. त्यात एकच 'निडान' होतं. 'निडान या मुलीचे तरी नाव...' मी 'द' केला आणि पुढे जाणार, तर मावशींनी विचारलं, "काय नाव ठिवलं मुलीचं?"

"लो-रुहामा," सर म्हणाले. "लो म्हणजे नाही. जिच्यावर दया नाही, अशी."

"पोटच्या पोरीचं?"

"हो. धाकट्या मुलाचं लो-अम्मी. माझे लोक नव्हेत."

मावशींची पट्टी थांबली. "माझी धाकटी बहीण नकुशी. आमी चार जणी ना. आमच्याकडं खटावला लई हायत्या."

सरांनी भिंग खाली ठेवलं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना नवी नावं देण्याचा सरकारी कार्यक्रम झाला होता, तो मला आठवला. मी म्हटलं, मावशी, तेव्हा बदलून घेतलं नाही का?

"ती तवा दोन लेकरांची आई. ते साळंतल्या पोरींसाठी हुतं." मग थोड्या वेळाने, "रेशनकार्डावर अजून त्येच हाय. सासरी सुनीता म्हणत्यात."

"होशेयातही पुढं बदलतं," सर हळूच म्हणाले. "पुढच्याच अध्यायात. तिला रुहामा म्हणा, असं. 'लो' काढून टाकतात."

"नुसतं म्होरलं काढलं?"

"नुसतं पुढचं."

मावशींनी बोटाने हवेत काहीतरी पुसल्यासारखं केलं. नकुशीतलं पुढचं काढून काय उरतं ते बघत असाव्यात. मग घडी घातली.

मी लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं माझं दुसरं नाव इथे सांगणार होते, कारण त्याआधीच अब्राहामाच्या बायकोची, देवाने सारायची सारा केली तिची, नोंद होऊन गेली होती. नाही सांगितलं. तीन वाजत आले होते.

शेवटचा तास पळापळीचा. शमशोनाच्या नोंदीने पुन्हा घोळ घातला. तो दान वंशातला, आणि त्याने हजार पलिष्टी मारले ते गाढवाच्या जबड्याच्या हाडाने. 'डान वंशातील... हाडाने.' एक हो, एक नाही. सरांचे डोळे लाल झालेले. तेवढ्यात छापखान्याचा फोन आला, फाइल कुठे आहे म्हणून. मी फोन खांद्याने कानाशी धरून 'देते, देते' म्हणत राहिले आणि दुसऱ्या हाताने बटण दाबत राहिले. सर हो म्हणत होते की नाही म्हणत होते, त्या मिनिटभरात नीट ऐकू आलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी फाइल गेली. गाद गाद राहिला, दान दान. शलमोन गादीवर बसला. सर उठले, छत्री मिटली, ती केव्हाच वाळली होती.

बारा दिवसांनी पुस्तक बांधून आलं. पहिली प्रत सरांकडे कुरिअरने गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"ताई, पुस्तक जवळ आहे? नाबाल काढा."

नाबाल माझ्या लक्षात होता. दाविदाच्या माणसांना भाकर नाकारणारा, हजार शेळ्या बाळगणारा कंजूष. बायको अबीगईल शहाणी. तिनेच दाविदाला सांगितलं की जसं नाव तसाच हा माणूस. मी पान काढलं. त्या फोनच्या मिनिटातलंच असावं.

'नाबाल: मूर्ख, नाडान.'

मी गप्प. पलीकडून खोकल्यासारखा आवाज येत होता. सर हसत होते हे समजायला मला थोडा वेळ लागला.

"दुसऱ्या कुठल्या नोंदीत राहिली असती तर रागावलो असतो," ते म्हणाले.