२.६४ जीपीए, दिवसभराची नोकरी आणि लॉ स्कूलचा अर्ज

गेल्या वर्षभरात मी सगळ्यात जास्त वेळा काय खोडून परत लिहिलं असेल तर ते जीपीए अ‍ॅडेंडम. अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या अर्जाला जोडायचा हा छोटासा कागद, कॉलेजातला जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी, कमी का आला ते त्यात सांगायचं. माझा पहिला ड्राफ्ट तीन पानी होता, पाठवला तो चार वाक्यांचा.

मी अठराव्या वर्षी अमेरिकेत शिकायला आले, बॅचलर्स इथेच केलं. दुसऱ्या वर्षी तिकडे बाबांचं डायलिसिस सुरू झालं. इथली रात्र म्हणजे तिकडचा दिवस, त्यामुळे रात्रभर फोन, डॉक्टर काय म्हणाले, आई जेवली का, आणि सकाळी आठला लेक्चर. दोन सेमिस्टरमध्ये एक एफ, म्हणजे नापास, आणि दोन डी. मग सावरले, एफचा विषय परत घेऊन बी मिळवला, पण शेवटी डिग्रीवर २.७१ च.

अर्ज करायला बसले तेव्हा कळलं की लॉ स्कूल तो आकडा बघतच नाही. सगळ्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मार्कलिस्ट, एलसॅक नावाच्या लॉ स्कूलचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेकडे जातात आणि ते स्वतःच्या पद्धतीने जीपीए परत काढतात. कॉलेजने एफ पुसून बी धरला असला तरी ट्रान्सक्रिप्टवर दोन्ही दिसत असतील तर ते दोन्ही मोजतात. माझे झाले २.६४. आणि पहिल्या डिग्रीनंतर तुम्ही मास्टर्स करा नाहीतर दहा कोर्स करा, या आकड्यात दशांशाचाही फरक पडत नाही. दोन दिवस मला काही सुचलं नाही. मग वाटलं ठीक आहे, जे बदलणार नाही त्यावर एक मिनिटही घालवायचं नाही, जे हातात आहे ते बघू.

कायदाच का, हे लोक विचारतात. मी हॉस्पिटलच्या ज्या ऑफिसात अकरा वर्षं आहे तिथे इन्शुरन्सने नाकारलेल्या क्लेमवर अपिलं लिहितात. एका बाईंचा क्लेम दोनदा नाकारला होता, तिसऱ्यांदा पॉलिसी वाचताना दिसलं की व्याख्येत दोन अटींच्या मध्ये 'आणि' नाही, 'किंवा' आहे. त्या एका शब्दावर अख्खं अपील उभं केलं आणि पैसे मिळाले. पण त्याच्या पुढची पायरी कोर्टाची असते आणि तिथे मला बोलता येत नाही. किती केसेस मी त्या पायरीपर्यंत नेऊन सोडून दिल्यात ते माझं मलाच माहीत.

नोकरी सोडणं शक्यच नव्हतं, घराचा हप्ता आहे, मुलगी सात वर्षांची आहे. म्हणून पार्ट टाइम. इथे हे काही आडवळणाचं नाही, जॉर्जटाउन, फोर्डहॅमसारख्या शाळांचेही संध्याकाळचे प्रोग्रॅम आहेत, शिकागोच्या लोयोलाचा वीकेंडचा आहे. तीन वर्षांचं जेडी, म्हणजे कायद्याची डिग्री, साधारण चार वर्षांत होतं, आणि एबीएच्या (लॉ स्कूलना मान्यता देणारी वकिलांची संघटना) नियमाने सुरू केल्यापासून ८४ महिन्यांत संपवावं लागतं, म्हणजे मधे घरात काही झालं तरी थोडी सवड असते. डिग्री तीच, बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षाही तीच. फक्त एक सांगते, जे स्टुडंट व्हिसावर यायचा विचार करतायत त्यांच्यासाठी हा रस्ता सहसा नसतो, त्या व्हिसाला फुल टाइम शिकावं लागतं. एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर नोकरी चालू ठेवून शिकता येतं.

शाळा निवडताना रँकिंगपेक्षा ५०९ रिपोर्ट बघा. एबीएची मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेला तो वेबसाइटवर टाकावाच लागतो, त्यात प्रवेश घेतलेल्यांचे एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा) आणि जीपीएचे आकडे असतात, २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइल. मी आधी फक्त मधला आकडा बघून टॅब बंद करायचे. मग ट्यूब पेटली की २५ पर्सेंटाइलच्या खालीही वर्गातली पाव मुलं आहेत की! कुणीतरी त्यांनाही घेतलंच ना. ज्या शाळांत माझा जीपीए त्या पाव मुलांमध्ये आणि एलसॅट मधल्या आकड्याच्या वर असेल अशा पाच शाळा काढल्या.

त्यासाठी एलसॅट चांगला पाहिजे, आणि जुने मार्क कमी असले की सगळं वजन त्याच्यावरच येतं. परीक्षेचा एक सेक्शन ३५ मिनिटांचा असतो, आणि आमचा लंच ब्रेक पाऊण तासाचा. रोज दुपारी पार्किंगमध्ये गाडीत बसून स्टिअरिंगला वही टेकवायची, फोनवर टायमर, एक सेक्शन, मग उरलेल्या दहा मिनिटांत डबा. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्सचा, म्हणजे कोड्यांचा, सेक्शन गेला, आता लॉजिकल रीझनिंगचे दोन आणि वाचनाचा एक, शिवाय एक न मोजला जाणारा सेक्शन. रीझनिंग हे माझं रोजचंच काम निघालं, समोरच्याचा युक्तिवाद कुठे फाटतो ते शोधायचं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर फक्त बरोबर उत्तर नाही लिहायचं, मी चुकीचं का निवडलं ते लिहायचं, अशा दोन वह्या भरल्या. पहिल्यांदा १५३ आले. पाच महिन्यांनी परत दिली, १६२.

शिफारसपत्राचं जरा अवघड गेलं. बारा वर्षांनी कोणत्या प्रोफेसरला मी आठवणार? शेवटी सुपरवायझरला विचारलं, म्हणजे आधी मी लॉ करणार आहे हे त्यांना सांगणं आलं, आणि आठवडाभर त्यांच्या दारावरून जाऊन येऊन परत जागेवर बसत होते. सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ते 'किंवा'वालं अपील मी पत्रात लिहिणार.

आता अ‍ॅडेंडम. पहिल्या तीन पानांत बाबा होते, आई होती, एअरपोर्ट होता, मी किती रडले ते होतं. सगळं खरं होतं, पण वाचून मलाच वाटलं की मी माफी मागतेय. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, तू ऑफिसात अपील असं लिहितेस का? आणि मी खरंच असं लिहीत नाही. तिथे तारीख, घटना, कागद, मागणी, बस. मग तसंच लिहिलं. दुसऱ्या वर्षी वडिलांना किडनीचा आजार झाला आणि दोन सेमिस्टर माझे ग्रेड घसरले. ते सोडून बाकीच्या सेमिस्टरचा जीपीए ३.१ आहे. नापास झालेला विषय मी परत घेऊन बी मिळवला. त्यानंतरची अकरा वर्षं मी पूर्णवेळ काम करत आहे आणि माझं आत्ताचं काम सुपरवायझरच्या पत्रात आहे. संपलं. रडू वगैरे काही नाही, कारण देऊन लगेच पुढे जायचं. आणि बाबांबद्दल जे लिहायचं होतं ते या कागदावर कधीच मावणार नव्हतं, ते मी वेगळं लिहून ठेवलंय, माझ्यासाठी.

पैशांचं थोडक्यात, नोकरीच्या ठिकाणी ट्यूशन असिस्टन्स आहे का ते एचआरला आधी विचारा. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत टॅक्समध्ये धरली जात नाही. फी त्यात भागत नाही, पण पुस्तकं आणि बरंच काही निघतं. मात्र शिकून झाल्यावर किती दिवस तिथेच राहावं लागेल ती अट नीट वाचा, आमच्याकडे आहे.

पाच अर्जांपैकी दोन नकार, एक वेटलिस्ट, एका शाळेचं अजून काही नाही, आणि एका शाळेचा होकार, घरापासून पंचवीस मिनिटांवरची. ईमेल आला तेव्हा मी एक नकारपत्र वाचत होते, कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनचं. ते पूर्ण वाचलं, तारखेची नोंद केली, मग बाहेर जाऊन आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा झालेले. पहिल्याच रिंगला तिने उचलला आणि घाबरून म्हणाली, काय झालं गं?

क्लास ऑगस्टमध्ये सुरू, सोमवार ते गुरुवार संध्याकाळी साडेसहा. मुलीला शाळेतून आणायचं काम आता नवऱ्याकडे, तिने स्वतःच फ्रीजवरच्या कॅलेंडरवर चार चौकोन निळे रंगवून त्यात लिहिलंय, आई शाळेत.