दोन तासांचं कीर्तन आणि पाच कोटी बाइट्स

वडिलांनी कॅसेटवर भरून ठेवलेली कीर्तनं मी सध्या मिरजेत बसून संगणकावर उतरवून घेते आहे. फाइली पुण्याला भाच्याच्या घरी चालणाऱ्या नेक्स्टक्लाउडवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या साठ्यात, ठेवते. विंडोजमध्ये ते स्टोरेज वेबडॅव्हने (वेबवरून फाइली हाताळायच्या पद्धतीने) झेड ड्राइव्ह म्हणून जोडलंय. नमनाची छोटी फाइल बिनबोभाट उघडते. अख्खा पूर्वरंग उघडायला गेलं, की फाइल मर्यादेपेक्षा मोठी असल्याचा निरोप येतो.

यावर जो तो दोनच उपाय सांगतो: एमपीथ्री कर, नाहीतर तुकडे कर. मला दोन्ही मान्य नाहीत. ही टेप पुन्हा वाजेल याची खात्री नाही, त्यामुळे एमपीथ्री करताना आवाजातलं जे टाकून देऊ ते कायमचं गेलं. आणि तुकडे कुठे करायचे? पूर्वरंग संपतो, भजन टिपेला जातं, झांजा थांबतात, बुवा घसा साफ करून आख्यानाचं पहिलं वाक्य उचलतात. तिथे कात्री लावायला माझा हात धजत नाही.

म्हणून आधी गाडी अडते कुठे ते बघा. तीच फाइल ब्राउझरमधून नीट उतरली, तर सर्व्हर निर्दोष आहे. मर्यादा आपल्याच संगणकात, वेबडॅव्हची जोडणी सांभाळणाऱ्या विंडोजच्या वेबक्लायंट सर्व्हिसमध्ये असते: मुळात 5,00,00,000 बाइट्स. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ ध्वनिमुद्रण त्यात पावणेपाच मिनिटंही मावत नाही. मी 96 किलोहर्ट्झ, 24 बिटवर घेते; तिथे दीड मिनिटाच्या आतच हद्द संपते.

ही हद्द वाढवता येते. रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायच्या साधनात) लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, वेबक्लायंट, पॅरामीटर्स असं आत जा. 'फाइल साइझ लिमिट इन बाइट्स'मध्ये डेसिमल निवडून 4294967295 भरा आणि संगणक पुन्हा सुरू करा. ॲडमिनचे हक्क लागतात. बदलाआधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्याच.

हा आकडा म्हणजे 4 जीबी, आणि याच्या वर तिथे जाता येत नाही. माझ्या दर्जाने ते दोन तास चार मिनिटं होतात. आख्यान रंगलं की बुवा घड्याळाकडे बघत नसत! शिवाय साध्या वेव्ह फाइलच्या हेडरमध्येही (सुरुवातीच्या माहितीत) लांबी 32 बिटांतच लिहिलेली असते, म्हणजे तिचीही धाव तिथवरच. पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर तोही तिथेच हात टेकतो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. मी लांब कीर्तनं थेट फ्लॅक या ध्वनी-फॉरमॅटमध्ये घेते. फाइल बरीच लहान होते, आवाजातलं काहीही गळत नाही.

चढवायला मात्र मी झेड ड्राइव्ह वापरतच नाही, आरक्लोन हे फाइली पाठवायचं साधन वापरते. ते वेबक्लायंटच्या वाटेने जात नाही, त्यामुळे पाच कोटींचा प्रश्नच उरत नाही. त्यात रिमोट, म्हणजे दूरच्या साठ्याची जोडणी, तयार करताना वेबडॅव्ह निवडून व्हेंडर म्हणून नेक्स्टक्लाउड सांगा. मग मोठी फाइल मुळातच 10 एमबीच्या हप्त्यांनी जाते आणि सर्व्हरवर पुन्हा एकसंध होते. नंतर 'चेक' ही आज्ञा 'डाउनलोड' पर्यायासह चालवा. ती तिकडची फाइल परत ओढून आपल्या फाइलशी पडताळते. वेळ खाते, पण त्याशिवाय मी मिरजेतली प्रत पुसत नाही.

नुसतं ऐकायचं असेल तर ब्राउझरमधून ऐका. झेड ड्राइव्हवरून उघडलं तर विंडोज आधी सगळी फाइल खाली ओढतं, मग नमन सुरू होतं.