आमची वाटचाल : अडतीच्या पट्टीपासून

१९८८ साली सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आम्ही दोघांनी भागीदारीत कॉम्प्युटर प्रोग्रॅमचं ऑफिस थाटलं. एक पीसी-एक्सटी कॉम्प्युटर, २० एमबीची हार्डडिस्क, वाइड कॅरेजचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. एसी होता, पण तो मशीनसाठी. चपला बाहेर काढायच्या. लोकांनी नारळ फोडायचा तेवढा बाकी होता.

डीबेस थ्री प्लस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये अडतीचा, म्हणजे दलालीवर शेतमाल विकून देणाऱ्यांच्या हिशोबाचा, प्रोग्रॅम लिहिला. पोती, वजन, दर टाका, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी बाहेर. ऐन हळदीच्या हंगामात लाइट गेली की नोंदी शोधायची इंडेक्स फाइल बिघडायची. ती पुन्हा बांधायला रीइंडेक्स लावून चहाला जायचं. तिसऱ्या कार्बनवर आकडा उमटेना, की प्रिंटरच्या हेडचा खटका मागे-पुढे करून बघायचा. आणि बॅकअपच्या फ्लॉप्या मशीनशेजारी ठेवू नका, एक सेट घरी न्या. पेन ड्राइव्हवाल्यांनाही हेच सांगतो, ऐकत कोणी नाही.

हळदीचे एक शेठ आमचं पहिलं गिऱ्हाईक. वर्षभर त्यांनी मुनीमजींकडून रोजमेळ हातानंही लिहून घेतला आणि रोज संध्याकाळी आमच्याशी ताळा केला. एकदा चार आण्यांचा फरक आला, तो मुनीमजींचा निघाला. त्या दिवशी आम्हाला पेढे! इंग्रजी पट्टी बघून शेठ म्हणाले, "शेतकऱ्याला स्वतःचं नाव वाचता येईना, ती पट्टी कसली?" मग मराठी अक्षरांसाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं. पैसे शेठनी आगाऊ दिले.

आणि मग आमच्याच टेबलावर शिकलेला एक पोरगा. डीबेसची पीआरजी फाइल, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड, कोणालाही वाचता येणारं उघडं कपाट. ३६० केबीच्या एका फ्लॉपीत आमची सगळी मेहनत मावली आणि गेली. नाव बदलून निम्म्या दरात यार्डभर विकली. भागीदाराच्या मुलीचं नाव आम्ही एका व्हेरिएबलला दिलं होतं, तेही त्याच्या कोडात जसंच्या तसं! निम्मी गिऱ्हाइकं गेली. भागीदार वैतागून पुण्याला नोकरीला लागला. भाडं थकलं. मी सगळं पुन्हा क्लिपर या कंपायलरमध्ये लिहिलं, कोड वाचता येऊ नये म्हणून ईएक्सई फाइल करूनच बाहेर दिलं. शेठ तेवढे हलले नाहीत.

पुढची वर्षं बरी गेली.

२००० उजाडलं. ०० साल टाकलं की त्या पोराच्या प्रोग्रॅमला ते १९०० वाटायचं. उचलीवरचं व्याज उणे येऊ लागलं. साल चार आकडी करणारी सेट सेंच्युरी ऑन ही एक ओळ, पण नकललेला कोड समजायला हवा ना! जानेवारीतच यार्डातली मंडळी आमच्या जिन्यात उभी. सगळ्यांना घेतलं. दर मात्र दीडपट लावला.