तुम्ही विचारलंत म्हणून: उंट जास्त आहे, तरी इंजिन बरोबरी का दाखवतं?

‘माझ्याकडे अख्खा उंट जास्त आहे. मग इंजिन ०.०० का दाखवतंय?’ बुद्धिबळाचा डाव संपवून इंजिन, म्हणजे चाली आणि स्थिती तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, घेऊन विश्लेषणाला बसलं की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कधी तो उलट्या बाजूने येतो: ‘दोघांची मोहरी अगदी सारखी आहेत, तरी पांढरा +३ ने पुढे कसा?’ विचारणारे नवखेच असतात असं नाही. वर्षानुवर्षं स्पर्धा खेळणारेही त्या आकड्यापाशी अडतात, आणि मग ‘इंजिनला काहीतरी दिसत असेल’ म्हणून पुढे जातात. हे पुढे जाणं मला पटत नाही. डावातलं सगळ्यात शिकण्यासारखं नेमकं तिथेच असतं.

थोडक्यात उत्तर असं की तो आकडा म्हणजे पटावरच्या मोहऱ्यांची बेरीज नव्हे. इथून पुढे दोन्ही बाजू उत्तम खेळल्या तर डाव कुठे जाईल, याचा तो अंदाज आहे. मोहरी जास्त असणं हे त्या अंदाजामागचं एक कारण. बऱ्याचदा सगळ्यात मोठं, पण एकमेव कधीच नाही.

गोंधळ होतो त्याला कारणही आहे. आपण सगळे प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९ हा हिशेब शिकूनच खेळायला लागतो, आणि इंजिनचा आकडाही प्याद्याच्याच मापात लिहिलेला असतो. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली संगणकाला बुद्धिबळ कसं खेळवता येईल यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात हेच गुण होते. राजाला मात्र २०० दिले होते, म्हणजे तो गमावल्यावर बाकी काहीही मिळवलं तरी भरपाई होऊ नये. पण त्याच सूत्रात दुहेरी, एकाकी आणि मागे पडलेल्या प्याद्यांसाठी प्रत्येकी अर्धा गुण वजा होता आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक चालीसाठी ०.१ गुण जमा होता. म्हणजे पहिल्या पायरीवरच शॅननना माहीत होतं की नुसती मोजदाद पुरत नाही.

पुढे अमेरिकन बुद्धिबळपटू लॅरी कॉफमन यांनी डावांचा मोठा संग्रह चाळून १९९९ मध्ये सुधारित किंमती मांडल्या: घोडा आणि उंट दोघेही ३.२५, वजीर ९.७५, आणि दोन्ही उंट शाबूत असतील तर त्या जोडीचा वर अर्धा गुण. पटावर प्यादी जास्त असतील तर घोड्याची किंमत वाढते आणि हत्तीची घटते, हेही त्यांनी आकड्यांत दाखवलं. २०२० मध्ये डीपमाइंड या कंपनीचे संशोधक आणि माजी विश्वविजेते व्लादिमीर क्रॅमनिक यांनी त्या कंपनीच्या अल्फाझीरो या इंजिनच्या डावांवरून काढलेल्या किंमती आल्या: घोडा ३.०५, उंट ३.३३, हत्ती ५.६३, वजीर ९.५. लक्षात घ्या, तिन्ही वेळचे आकडे एकमेकांच्या फार लांब नाहीत. शाळेत शिकलेला हिशेब खोटा नाही. तो सरासरीचा आहे, एवढंच. तुमच्या पटावर जो उंट असतो तो मात्र विशिष्ट असतो: अमुक घरावरचा, अमुक प्याद्यांमागे कोंडलेला, अमुक चालीला सुटू शकणारा.

स्टॉकफिश हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं इंजिन २०२० मध्ये त्याच्या बाराव्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्क वापरून स्थितीचं मोल ठरवायला लागलं. त्या जाळ्यात ‘उंटाचे तीन गुण’ अशी ओळ कुठेही लिहिलेली नाही. डिसेंबर २०२२ च्या १५.१ आवृत्तीपासून तर आकड्याचा अर्थच नव्याने बांधला गेला. +१.०० म्हणजे एक प्यादं जास्त, हे आता खरं नाही. दोन्ही बाजूंनी स्टॉकफिशच खेळलं तर पांढरा जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ. उरलेल्या ५० टक्क्यांतला बहुतेक वाटा बरोबरीचा. ही एक गोष्ट समजली तरी अर्धे प्रश्न सुटतात, कारण ‘मी दीड प्याद्याने पुढे होतो’ हे वाक्यच मग बोलता येत नाही.

एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, विश्वविजेतेपदाच्या लढतीतला चौदावा आणि शेवटचा डाव. गुकेशकडे काळी मोहरी आणि एक प्यादं जास्त. दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट. इंजिनच्या मते डाव बरोबरीचा होता. पंचावन्नाव्या चालीला तेव्हाचा विश्वविजेता डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर आणला आणि आकडा एकदम काळ्याच्या बाजूला कोसळला. मोहरी तीच होती, गुकेशचं जास्तीचं प्यादंही तेच आणि तेवढंच. बदललं इतकंच की आता हत्तींची मारामारी (एकमेकांना मारून अदलाबदल) होणार होती, आणि लगेच उंट डी५ वर आणून उंटांचीही. पांढऱ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात असल्याने त्याला ती टाळता येत नव्हती. नुसते राजे आणि प्यादी उरली की तेच प्यादं डाव जिंकून देणारं ठरत होतं. हत्ती पटावर असताना त्या प्याद्याची किंमत जवळजवळ शून्य आणि ते गेल्यावर विश्वविजेतेपद! मोहऱ्यांच्या आघाडीबद्दल कुणी विचारलं की मी आधी हा शेवट मांडून दाखवतो.

टोकाची उदाहरणं एन्डगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात मिळतात, आणि तिथे अंदाजाचा प्रश्नच राहत नाही. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती टेबलबेस नावाच्या संगणकीय संग्रहात पूर्ण सोडवून ठेवलेल्या आहेत. उत्तर तीनच प्रकारचं: जिंकलेली, हरलेली किंवा बरोबरी. एकटा राजा विरुद्ध राजा आणि दोन घोडे: सहा गुण जास्त, तरी बचाव करणारा चुकला नाही तर मात होत नाही. वजीर विरुद्ध सातव्या रांगेवर (वजीर होण्यापासून एकच घर दूर) पोचलेलं एकच प्यादं: आठ गुणांची आघाडी. समजा काळं प्यादं डी२ वर आहे, राजा त्याच्या शेजारी आहे, पांढरा राजा लांब आहे आणि चाल पांढऱ्याची आहे. वजीर शह देत देत काळ्या राजाला प्याद्यापुढे यायला भाग पाडतो, मिळालेल्या उसंतीत पांढरा राजा एक घर जवळ येतो आणि शेवटी पांढरा जिंकतो. आता तेच प्यादं एक पट्टी सरकवून सी२ वर ठेवा. काळा राजा ए१ च्या कोपऱ्यात जातो. प्यादं मारलं तर स्टेलमेट (शह नाही, पण चालही उरत नाही, म्हणून बरोबरी), नाही मारलं तर त्याचा वजीर होतो. डाव बरोबरीत. गुण तेच, मोहरी तीच, फक्त एक पट्टी इकडची तिकडे. हे मी नवशिक्यांना हाताने मोहरी हलवून करून बघायला लावतो. पडद्यावरचा आकडा बघून ते अंगात मुरत नाही.

आता खरा प्रश्न: हे कारण आपल्या डावात शोधायचं कसं? मी इंजिनला ‘कोण पुढे?’ असं सहसा विचारत नाही. मी त्याच्याकडून पटावर प्रयोग करून घेतो.

सगळ्यात आवडता प्रयोग म्हणजे मोहरा उचलून बघणं. विश्लेषणाच्या पटावर तुमचा एक मोहरा काढून टाका आणि आकडा किती बदलतो ते पाहा. जितका बदल, साधारण तितकी त्या मोहऱ्याची त्या स्थितीतली किंमत. ही माझी स्वतःची युक्ती नाही. स्टॉकफिशला आज्ञा देऊन स्थितीचं मूल्यमापन मागवलं तर ते पटावरच्या प्रत्येक मोहऱ्याची किंमत याच पद्धतीने काढून छापतं. एकाच रंगाच्या दोन घोड्यांच्या किंमती तिथे किती वेगळ्या निघतात ते बघण्यासारखं असतं. काळजी एकच घ्यायची: मोहरा उचलल्यावर दुसरं काही फुकट मारलं जात नाही ना, किंवा राजाला शह बसत नाही ना, ते तपासायचं. नाहीतर आकडा भलत्याच कारणाने उडी मारतो.

त्याहून बोलका प्रयोग म्हणजे मोहरा न उचलता हलवणं. कोंडलेला उंट उचलून प्याद्यांच्या साखळीबाहेर, मोकळ्या कर्णावर ठेवून बघा. ०.०० चं +२.५ झालं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुमची आघाडी कुलूपबंद पेटीतल्या धनासारखी आहे आणि किल्ली म्हणजे तो कर्ण. मग पुढचा विचार आपोआप होतो: तो उंट तिथपर्यंत न्यायला किती चाली लागतील, आणि तेवढ्यात समोरचा काय करेल?

‘समोरचा काय करेल’ हे बघायलाही सोपा मार्ग आहे. आपली चाल सोडून दिली असं समजून इंजिनला समोरच्याच्या बाजूने चाल द्या. तुमच्या राजाला शह बसलेला नसेल तर हे करता येतं. जो धोका दिसतो, तीच बहुतेक वेळा तुमच्या जास्तीच्या उंटाची भरपाई असते: राजावर रोखलेला हल्ला, वजीर होऊ पाहणारं मोकळं प्यादं किंवा कायमचा शह. कुणीही मोहरा उगाच देत नाही. वेळ, जागा, राजाची उघडी बाजू यांतलं काहीतरी त्याने घेतलेलं असतं आणि इंजिन तेही मोजत असतं.

मारामारी चालू असताना मध्येच थांबून गुण मोजणाऱ्यांना एक सांगायचंय. इंजिन तसं करत नाही. घ्या-द्या संपून पट शांत होईपर्यंत ते पुढे बघतं आणि मगच स्थितीचं मोल ठरवतं. आपणही तेच करावं.

आणि आकडा एकदाच बघू नये, तो कसा चालतो ते बघावं. इंजिन अधिकाधिक खोल जात असताना +१.४ चं +१.९, मग +२.६ असं होत गेलं तर आघाडी वाढवायला खरोखर वाट आहे. आकडा तिथेच घुटमळत असेल आणि सुचवलेल्या चालींत राजा इकडून तिकडे आणि पुन्हा इकडे येत असेल, तर समोर तटबंदी, म्हणजे फोडता न येणारा बचाव असण्याची दाट शक्यता आहे. वेगवेगळ्या रंगाच्या घरांवर चालणारे उंट उरले असतील तर दोन प्यादी जास्त असूनही डाव अनेकदा असा गोठतो. अशा वेळी इंजिन काही काळ बरीच मोठी आघाडी दाखवत राहतं. त्याच्या आकड्यापेक्षा त्याच्या चालींवर जास्त विश्वास ठेवा.

मोहऱ्यांपलीकडची भरपाई माणसाने इंजिनच्या कितीतरी आधी ओळखली होती, याचा मला फार आदर वाटतो. १९५३ च्या झुरिच स्पर्धेत अमेरिकन ग्रँडमास्टर रेशेव्हस्कीविरुद्ध, पुढे विश्वविजेता झालेल्या टायग्रान पेट्रोशियनने आपला हत्ती शांतपणे ई६ वर, उंटाच्या माऱ्यात नेऊन ठेवला. शह नाही, हल्ला नाही, हत्तीच्या बदल्यात मिळणार तो फक्त उंट. त्याला आपल्या घोड्यासाठी डी५ हे घर हवं होतं, आणि तिथून पांढऱ्याची मधली प्यादी रोखून धरायची होती. त्याने ती रोखली आणि डाव बरोबरीत सुटला. हा डाव इंजिन न लावता खेळून बघा, पंचविसाव्या चालीपाशी थांबा आणि स्वतः ठरवा की तुम्ही हत्ती दिला असता का. इंजिन त्यानंतर लावा.

राहिला व्यवहाराचा मुद्दा. इंजिनचा आकडा गृहीत धरतो की समोरही तेवढ्याच ताकदीचा खेळाडू आहे. आपल्या डावांत तसं नसतं. २०२० मध्ये कोमोडो इंजिनने ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डनला सहा डावांत सुरुवातीलाच एकेक घोडा सोडला होता. स्मर्डनने ती लढत ५-१ अशी जिंकली. पण तो ग्रँडमास्टर होता, आणि तरीही एक डाव गेलाच. सर्वसाधारण खेळाडूला हीच आघाडी टिकवून जिंकणं कष्टाचं आहे. म्हणून ‘+३ होतं, तरी हरलो’ म्हणून खंतावणाऱ्याला मी आकडा बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो की ती आघाडी जिंकण्यात बदलायला किती अवघड चाली सापडायला हव्या होत्या. इंजिनला पहिल्या तीन-चार पर्यायांचे आकडे एकत्र दाखवायला लावलं की हे लगेच कळतं. चारही चाली +३ च्या आसपास असतील तर वाट रुंद आहे. एक +३ आणि बाकीच्या ०.०० असतील तर तुम्ही एकाच चालीच्या पुलावर उभे होतात. तो आकडा तुमचा म्हणायच्या आधी ती चाल सापडायला हवी होती.

इंजिन सुरू करायच्या आधी एक ओळ लिहायची सवय मात्र प्रत्येकाला लावतो: कोण पुढे आहे, कशामुळे, आणि समोरच्याकडे बदल्यात काय आहे. कागदावर लिहिलेलं असलं की इंजिनचा आकडा वेगळा आल्यावर नेमकं काय चुकलं ते सापडतं. मोजणी चुकली, की कोंडलेला मोहरा नजरेतून सुटला, की समोरची धमकी दिसली नाही. त्यानंतर ती स्थिती मांडून जास्त मोहरी असलेल्या बाजूने इंजिनविरुद्ध शेवटपर्यंत खेळायची. जिंकलो तर पुन्हा एकदा, या वेळी वजिरांची मारामारी न करता.