अमृत एकाला, हलाहल दुसऱ्याला

‘वायुपुत्रांची शपथ’ परत वाचून काढलं. अमीश यांच्या शिवत्रयीतलं हे शेवटचं पुस्तक. माझ्या ओळखीत ज्यांनी तिन्ही भाग वाचलेत त्यांतल्या बहुतेकांना पहिला आवडतो, काहींना दुसरा. तिसऱ्याचं नाव काढलं की ‘लांबलंय’, ‘लढायाच फार’, ‘सतीला मारायला नको होतं’ अशी उत्तरं येतात. मला मात्र तिन्हींत हाच सगळ्यात जवळचा वाटतो. का, ते आज लिहिते. पुढे सगळा शेवट उघड केलाय, तेव्हा ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी आधी ते वाचा.

वाचून बराच काळ झाला असेल त्यांच्यासाठी थोडी उजळणी. मूळ इंग्रजी पुस्तकं 2010, 2011 आणि 2013 सालची. तिबेटातल्या एका टोळीचा नायक शिव मेलुहा नावाच्या राज्यात येतो, सोमरस पितो, त्याचा गळा निळा होतो आणि लोक त्याला नीलकंठ ठरवतात. मेलुहातली माणसं शंभरी ओलांडूनही तरणीताठी असतात, ती या सोमरसामुळे. अनिष्टाचा नाश नीलकंठ करणार अशी भविष्यवाणी आहे, पण अनिष्ट म्हणजे नक्की काय हे दोन पुस्तकं उलटली तरी शिवाला कळत नाही. आधी वाटतं मेलुहाचे शत्रू चंद्रवंशी, मग वाटतं जन्मजात व्यंगामुळे हाकलून दिलेले नाग लोक. तिसऱ्याच्या सुरुवातीला, मेला असं समजत होतो तो मेलुहाचा मुख्य शास्त्रज्ञ बृहस्पती पंचवटीत शिवासमोर बसून सांगतो: अनिष्ट म्हणजे सोमरस. ज्या औषधावर मेलुहा उभं आहे तेच.

मी चिपळुणात मेडिकल स्टोअरमध्ये काम करते. फार्मसीचा डिप्लोमा झाल्यापासून काउंटरमागेच उभी आहे. त्यामुळे सोमरसाची फोड मी जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचली. पहिल्या भागात बृहस्पती समजावतो की प्राणवायू आपल्याला जगवतो आणि तोच आपल्याला आतून झिजवतो. त्यातून तयार होणारी घातक द्रव्यं सोमरस शरीराबाहेर काढतो. ही कल्पना लेखकाने हवेतून आणलेली नाही. म्हातारपण फ्री रॅडिकल्समुळे, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या अशाच घातक कणांमुळे येतं हा सिद्धांत डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडला होता. आमच्या दुकानात अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे हे कण निकामी करणाऱ्या द्रव्यांच्या कॅप्सूलचा एक अख्खा कप्पा आहे तो त्याच विचारातून आलेला. कोणी विचारलं की ‘ह्याने वय वाढायचं थांबतं का हो?’, तर मी नाही म्हणून सांगते. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन हे असंच एक अँटिऑक्सिडंट देऊन पाहिलं होतं. त्याचे निष्कर्ष 1994 मध्ये आले, तेव्हा फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला.

पण माझं मन अडकलं ते पुढच्या भागात. दुष्परिणाम म्हणजे औषध घेणाऱ्याला होणारा त्रास, असं आम्ही शिकलो. पित्त होईल, झोप येईल, पुरळ उठेल, जे काही होईल ते गोळी गिळणाऱ्याला. सोमरसाचं तसं नाही. तो करायला सरस्वतीचं पाणी अफाट लागतं आणि मागे विषारी गाळ उरतो. तो गाळ मेलुहाने आपल्या अंगणात ठेवला नाही. लांब तिबेटात, त्सांगपो नदीच्या थंडगार पाण्यात सोडला. तिथे कोण राहतंय! पण त्सांगपो पुढे वळसा घेऊन खाली उतरते आणि ब्रह्मपुत्रा होते. तिच्या काठी ब्रंगा नावाचे लोक आहेत, आणि दरवर्षी त्यांच्यात महामारी येते. दुसऱ्या भागात आपण ब्रंगांची ती साथ वाचलेली असते आणि एखादा शाप असावा तशी ती मानून पुढे गेलेलो असतो. बृहस्पती नदीचा नकाशा उलगडतो तिथे माझ्या अंगावर काटा आला. औषध एक जण घेतो आणि त्याचा त्रास नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या भलत्याच माणसाला होतो.

मी खालच्या अंगालाच वाढले. आमचं घर दाभोळ खाडीच्या काठी. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते, चिपळुणावरून वाहत येऊन खाडी होते आणि दाभोळला समुद्राला मिळते. कोयनेचं पाणीसुद्धा वीज करून झाली की हिच्यातच सोडतात. पूर्वेला जायचं पाणी डोंगर फोडून पश्चिमेला वळवलेलं, त्यामुळे नद्या वळवण्याच्या गोष्टी आम्हाला पुस्तकातल्या वाटत नाहीत. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खाडीची मासेमारी. दादा अजूनही होडी घेऊन जातो. वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने आहेत. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी कधी कधी पाण्याला चहासारखा रंग येतो आणि नाकात झोंबणारा वास सुटतो. एकदा मी दादाबरोबर होते. त्याने पाग टाकला, ओढला, आणि जाळ्यात आलेली बोईटं आधीच मेलेली होती. कल्ले उघडे, कल्ल्यांवर तपकिरी बुळबुळीत थर. त्याने एकेक मासा हातात घेऊन कल्ला वर करून बघितला, माझ्यापुढे धरला आणि परत पाण्यात टाकला. घरी नेले नाहीत. त्या दिवशी आईने कुळथाचं पिठलं केलं आणि मासे का नाहीत असं कोणी विचारलं नाही.

म्हणून ब्रंगांची पानं वाचताना मी लेखकाचे मनापासून आभार मानले. देव, अमरत्व, दिव्यास्त्रं यांच्या कादंबरीत सांडपाण्याचा प्रश्न असा मध्यभागी ठेवायचा, ही सोपी गोष्ट नव्हे. आणि त्याने तो पुराणाला धरून ठेवलाय. समुद्रमंथन आठवा. मंदार पर्वताची रवी केली, आणि अमृताच्या आधी हलाहल वर आलं. एका घुसळणीतून दोन्ही. देवांनी अमृत प्यायलं आणि विष एकट्या शंकराने. कादंबरीत सोमरसाचा कारखाना मंदार पर्वतावरच आहे. लेखकाने फक्त एवढंच विचारलं की शंकर येईपर्यंत ते विष कोण पीत होतं? माझ्या लेखी तिन्ही पुस्तकांतला सगळ्यात मोठा प्रश्न हाच.

याच पुस्तकातला परशुराम आमच्याकडे अनेकांना खटकतो. दुसऱ्या भागात तो ब्रंगांच्या जंगलातला दरोडेखोर म्हणून येतो, नीलकंठाला ओळखतो तेव्हा पश्चात्तापाने स्वतःचा हात तोडतो, आणि तिसऱ्यात शिवाच्या सैन्यात असतो. चिपळूणच्या वर डोंगरात परशुरामाचं देऊळ आहे. हा सगळा कोकण त्याने समुद्र मागे हटवून मिळवला असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्याला असा लुटारू केलेलं आईला मुळीच आवडलं नाही. मी तिला रात्री थोडं थोडं वाचून दाखवत होते. ती म्हणाली, “गो बाय, तो चिरंजीव हाय. त्याला कशाला हात तोडायचाय?”

त्यावरून आमचं बोलणं चिरंजीवांवर गेलं. वाढदिवसाला ओवाळून झालं की अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम ही सात नावं घ्यायची, हे आपल्या घरांत चालत आलेलं आहे. पण एकेकाचं अमरत्व नीट पाहिलं तर हेवा वाटावा असं फार थोडं आहे. अश्वत्थाम्याला ते शाप म्हणून मिळालं. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो फिरतो. बळी पाताळात. परशुरामाने जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली आणि स्वतःला राहायला जागा उरली नाही, म्हणून तर समुद्राकडे जमीन मागावी लागली. ज्याला मरण नाही त्यालाच घर नाही. आईला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग तो आपल्याकडं ऱ्हायला आला, ते बरं झालं.” तिचा त्या डोंगरावरच्या देवावरचा जीव पुस्तकाने तसूभरही हलला नाही, आणि हलायचं कारणही नव्हतं.

कादंबरी शिवालाही अमर करत नाही. या त्रयीचं गृहीतकच असं की देव म्हणून कोणी जन्माला येत नाही. माणूस असं काही करून जातो की लोक त्याला देव मानतात. हे शहरातल्या काही वाचकांना धाडसी वाटलं. आमच्या गावांत ते रोजचं आहे. कुणा थोर पुरुषाची घुमटी बांधलेली असते आणि पुढच्या पिढ्या तिथे नारळ ठेवतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येते, अंगणात बसते, घरातली म्हातारी तिच्याशी नातलगाशी बोलावं तसं बोलते. गाऱ्हाणं घालताना देवाला जाबसुद्धा विचारला जातो. तेव्हा नाचणारा, गांजा ओढणारा, बायकोवर वेड्यासारखं प्रेम करणारा शिव मला परका वाटला नाही.

सतीचा शेवट. पुराणातली सती दक्षाच्या यज्ञात स्वतःला जाळून घेते. इथे दक्ष शांततेच्या बोलण्यांचं निमंत्रण धाडतो, डाव असतो शिवाला मारायचा, आणि तिथे जाते सती. ती तलवार हातात घेऊन, मारेकऱ्यांशी लढत मरते. ते प्रकरण मी दोनदा मध्येच मिटलं. तिला मारायला नको होतं असं म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं. पण बापाने केलेल्या अपमानापायी आगीत उडी घेणाऱ्या सतीपेक्षा ही सती मला हवीशी वाटते. मग शिव मेलुहाच्या राजधानीवर, देवगिरीवर पाशुपतास्त्र सोडतो, अख्खी नगरी जाते, आणि तो कैलासाकडे परततो. उरलेलं आयुष्य तिच्याशिवाय काढतो. सगळ्या जगाला मरण लांबवायचं औषध देणाऱ्यांच्या गोष्टीत नायकाच्या वाट्याला फक्त लांबलचक विरह येतो.

लढायांची प्रकरणं लांबली आहेत हे खरं. व्यूह, जहाजं, सैन्याची हालचाल यांत मी पानं भराभर उलटली. वायुपुत्रांच्या देशाचा, परिहाचा प्रवासही थोडक्यात चालला असता. आणि ब्रंगांना पुढे काय मिळालं, त्यांची नदी किती वर्षांनी निवळली, हे मला पुष्कळ वाचायचं होतं.

पर्वतेश्वराबद्दल लिहिल्याशिवाय मात्र थांबवत नाही. मेलुहाचा सेनापती. नीलकंठावर त्याची श्रद्धा आहे, सोमरस अनिष्ट आहे हेही त्याला पटलेलं आहे, तरी तो मेलुहाच्या बाजूने उभा राहतो, कारण त्याने शब्द दिलाय तो मेलुहाला. शेवटी मरण समोर असतानाही देवगिरीतच थांबतो, आणि त्याची बायको आनंदमयी त्याच्याबरोबर.

माझा मामेभाऊ वरच्या अंगाच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. मामा खाडीत जाळं टाकतात, मुलगा कारखान्यात. घर चालतं ते त्याच्या पगारावर, मामांची होडी दुरुस्त झाली तीही त्याच पैशांतून. मी त्याला हे पुस्तक मुद्दाम वाचायला दिलं. मला वाटलं होतं तो पर्वतेश्वराची बाजू घेईल. त्याने घेतली नाही. म्हणाला, “ताई, त्याला सगळं कळलेलं होतं. अख्खं सैन्य त्याच्या हातात होतं. मरायच्या आधी त्याने आतून काहीतरी करायला पाहिजे होतं.” मी म्हटलं, शब्द दिलेला होता ना. तो म्हणाला, शब्द राज्य राखायचा दिला होता, कारखाना राखायचा नाही. यावर आमचं बरंच वाजलं. मी अजूनही पर्वतेश्वराच्या बाजूने आहे. तो नाही, आणि त्याने आता पहिला भाग परत वाचायला घेतलाय, पर्वतेश्वराचा शब्द नेमका काय होता ते शोधायला.