तांब्याचा हंडा आणि भाच्याच्या वह्या

आमच्या आईने कोरोनाच्या काळात कुठूनतरी व्हॉट्सअॅपवर वाचलं आणि तेव्हापासून घरात नियमच झाला, रात्री तांब्याचा हंडा भरायचा आणि सकाळी चहाआधी प्रत्येकाने ग्लासभर प्यायचं. आईने एक हंडा चोपड्याला ताईकडेपण धाडला, भाच्यासाठी खास, कारण पोरगं तेव्हाच कावीळीतून उठलेलं.

ती कावीळपण गावच्या पद्धतीनेच उतरवली होती. डोक्यावर माळ घालतात ना, ती हळूहळू मोठी होऊन खाली उतरते, तीच. डॉक्टरने लिव्हरच्या तपासण्या परत करा सांगितलं होतं पण पोरगं खायला लागलं, शाळेत जायला लागलं, मग कोण करतंय.

दीड-दोन वर्षांनी तक्रारी सुरू झाल्या. आधी मराठीच्या मॅडम म्हणाल्या अक्षर बिघडलंय, मग बोलताना जीभ जड, तोंडातून लाळ, हाताला थरथर, आणि स्वभाव असा चिडका की ताई फोनवर रडायची. एका डॉक्टरने नववीचं टेन्शन म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्याने मोबाईल बंद करा सांगितलं. आईचं निदान सगळ्यात फास्ट होतं: "पोऱ्याले नजर लागनी." चोपडा-जळगाव फेऱ्या मारून मारून फाईल एवढी जाड झाली, पण त्या फाईलीत एकाही कागदावर तिन्ही गोष्टी एकत्र नव्हत्या, कावीळ एकीकडे, थरथर दुसरीकडे, चिडचिड तिसरीकडे.

पकडलं कोणी तर चष्म्याच्या डॉक्टरने! जळगावला नंबर काढायला नेलं, त्याने स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनमधून बघितलं, परत बघितलं, मग विचारलं याला कधी कावीळ झाली होती का. बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं होतं. कायसर-फ्लायशर रिंग म्हणतात, तांबं साचून होते. आम्ही रोज त्या डोळ्यांकडे बघायचो, कोणाला दिसलं नाही, अर्थात बऱ्याचदा ती त्या मशीनशिवाय दिसतच नाही असं नंतर कळलं.

आजाराचं नाव विल्सन डिसीज. १९१२ मध्ये विल्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने मेंदू आणि लिव्हरचा हा एकत्र बिघाड पहिल्यांदा नीट लिहून ठेवला. साधारण तीस हजारात एकाला होतो म्हणतात. आपल्या जेवणातून रोज थोडं तांबं पोटात जातंच, शरीराला लागतं पण तेवढंच, उरलेलं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. एटीपी७बी नावाचं जनुक खराब असलं की हे बाहेर टाकणंच अडतं, मग ते आधी लिव्हरमध्ये साचतं आणि पुढे मेंदूत आणि डोळ्यात. आई आणि बाप दोघांकडून खराब प्रत आली तरच आजार होतो, दोघं स्वतः ठणठणीत असतात. म्हणून ताईला वाटलेलं आपलंच काही चुकलं, तर तसं काही नव्हतं. आणि हंड्याच्या पाण्याने हा आजार होत नाही, हे आईला समजवायला आठवडा गेला, कारण ती स्वतःलाच दोष देत बसली. हंडा मात्र बंद झाला, याच्यासाठी ते पाणी चालत नाही.

खात्री करायला दोन तपासण्या, रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन (कमी निघालं) आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं (जास्त निघालं). दिवसभराची लघवी प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमवायची, कॅन घरात ठेवायचा कुठे यावरून ताई-जिजूंचं भांडण, ते सोडा. मग मुंबई, पेनिसिलामाईन (साचलेलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध) रिकाम्या पोटी, सोबत बी६ व्हिटॅमिन. औषध आयुष्यभर. बरं वाटलं म्हणून मनाने बंद केलं तर जीवावर बेतू शकतं हे डॉक्टरने तीनदा बजावलं. धाकट्या भाचीचीपण तपासणी केली, सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता असते. ती सुटली.

मुंबईच्या डॉक्टरने विचारलं थरथर नक्की कधीपासून, कोणालाच सांगता येईना. ताईला रद्दीला काढलेल्या वह्या आठवल्या. मी घरी जाऊन सातवीपासूनच्या सगळ्या लावून बघितल्या. आठवीच्या दिवाळीच्या आधीपर्यंत अक्षर सरळ, नंतर ओळ खाली घसरते, मग अक्षरं बारीक, मग गिचमिड. तारखा मार्जिनमध्ये होत्याच. फोटो काढून दाखवले तर डॉक्टर म्हणाले हे फाईलीत सगळ्यात वर लावा. दोन वर्षं आम्ही सोनोग्राफीच्या फिल्मा जपून फिरत होतो आणि हे कपाटाखाली पडलेलं.

खाण्याचं मात्र खान्देशात अवघडच आहे हो. शेंगदाणे, तीळ, काजू, चॉकलेट, मशरूम यात तांबं जास्त, आणि आमच्याकडे कुटाशिवाय भाजी उतरते का चुलीवरून? डॉक्टर म्हणतात औषध मुख्य, पथ्य सुरुवातीला कडक ठेवा.

मागच्या रविवारी शेतात भरीत पार्टी होती. सामानाची यादी भाच्यानेच लिहिली, वांगी, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या, कळण्याचं पीठ. सगळ्यात खाली, "मामा, माझं भरीत बिनशेंगदाण्याचं वेगळं काढायचं". "ण" अजून वाकडाच येतो. पण दुकानदाराने यादी न विचारता वाचली.