व्हर्नची मागच्या बाकावरची पुस्तकं

ज्यूल्स व्हर्न म्हटलं की आपली गाडी नॉटिलस पाणबुडी, चंद्र आणि ऐंशी दिवस एवढ्यावरच थांबते. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे तो आपल्याकडे घरोघरी पोचला हे खरंच, पण गड्याने पन्नासच्या वर कादंबऱ्या लिहिल्यात आणि त्यातल्या कितीतरी कोणी उघडूनही बघत नाही. सगळ्याच भारी आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही हां. विसाव्या शतकातल्या पॅरिसवरची त्याची कादंबरी प्रकाशक हेट्झेलने नाकारली, ती छापून आली थेट १९९४ मध्ये, केवढा गाजावाजा झाला, आणि वाचल्यावर वाटतं हेट्झेलचं बरोबरच होतं. कल्पना ढीगभर, गोष्ट नाहीच.

पण १८८० चं 'वाफेचं घर' घ्या! सुरुवातच औरंगाबादेत, ६ मार्च १८६७ ची संध्याकाळ, नानासाहेब पेशव्यांना जिवंत किंवा मेलेलं पकडून देणाऱ्याला दोन हजार पौंडांचं इनाम, आणि नानांच्या धोंडोपंत नावाचं काय केलंय तर 'दांदू पंत'. मग नाना वेरूळच्या लेण्यांत, आणि तिकडे कलकत्त्याहून साहेब मंडळी निघालीत पोलादी हत्ती घेऊन, पोटात बॉयलर, सोंडेतून धूर, मागे चाकांवरचे दोन बंगले ओढत. नानांना त्याने सरळ व्हिलन करून टाकलंय, तिथे डोकं फिरतं, आणि शिकारीची पानं तर मी चक्क उलटवली. पण तो हत्ती बघायला तरी मराठी वाचकाने एकदा जावंच.

माझी खरी लाडकी मात्र १८८९ ची, उत्तर ध्रुव विकत घेण्याची. चंद्रावर गोळा सोडणारी तीच बाल्टिमोरची मंडळी आता अवाढव्य तोफ उडवून पृथ्वीचा आसच सरळ करायला निघालीत, का, तर ध्रुवावरचं बर्फ वितळावं आणि खालचा कोळसा काढता यावा. बाकीच्या जगाचं काय होईल ते होवो! त्यांचा गणिती मॅस्टन फळ्यावर गणित मांडतोय तेवढ्यात फोन वाजतो, वीज पडते, हा आडवा, आणि उठून परत लिहितो तर पृथ्वीचा घेर चार कोटी मीटरऐवजी चाळीस हजार. तीन शून्यं गायब. तोफ उडते, पृथ्वी ढिम्म हलत नाही. बर्फाखालच्या खनिजांवर डोळा ठेवणारे आजही आहेतच की, त्यामुळे प्रकाशकांनो, ऐंशी दिवसांची पुढची आवृत्ती वर्षभर थांबवा आणि आधी ही छापा.